हत्यार आले, विद्या कोठे आहे?

दादासाहेब फाळके यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला, तेव्हा चित्रपट नावाची वस्तू जगात अवतरलेली नव्हती. चित्रकला, छायाचित्रण, शिळामुद्रण अशा पायऱ्या चढत ते १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पोहोचले. यंत्र परदेशातून आले होते. परंतु त्या यंत्राकडून काय वदवून घ्यावयाचे हे ज्याने ठरवले, तो कलाशाळेत घडलेला मनुष्य होता. पुढे सहा-सात दशकांनी जपानमध्ये याच घटनेची एका परीने पुनरावृत्ती झाली. कानाझावा येथील कला महाविद्यालयात औद्योगिक रचनेचे शिक्षण घेतलेले शिगेरू मियामोतो १९७७ मध्ये निन्टेन्डो या कंपनीत रुजू झाले. ही कंपनी मुळात १८८९ साली क्योतो शहरात पारंपरिक जपानी पत्ते तयार करण्यासाठी निघालेली. मियामोतो संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे तंत्रज्ञ नव्हते. त्यांच्या हाती पेन्सिल होती. १९८१ मध्ये त्यांनी रचलेला ‘डाँकी काँग’ हा खेळ बाजारात आला आणि त्या कंपनीचे भवितव्यच पालटले.

मियामोतो यांच्यापुढील अडचण अस्सल चित्रकाराची होती. त्या काळच्या यंत्रात मनुष्याकृती काढावयास मिळे ती मोजक्या ठिपक्यांच्या एका चौकटीत. एवढ्याशा जागेत तोंड दाखवता येईना, म्हणून नाकाखाली मिशी आली. उडी मारताना केस हलते दाखवणे अवघड, म्हणून डोक्यावर टोपी आली. हातांची हालचाल धडापासून वेगळी उठून दिसावी, म्हणून अंगात खांद्यावर पट्टे असलेला कामगारी पोशाख आला. पुढे ‘मारिओ’ या नावाने घरोघर पोहोचलेली आकृती ती हीच. अल्प साधनांत ओळख उमटवणे हा कलाशाळेतील पहिल्या वर्षाचा पाठ होय. तो ज्याने गिरवला होता त्याला ही युक्ती सुचावी, यात नवल नाही.

या दोन उदाहरणांचे स्मरण आज करण्यास कारण आहे. ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी कृतिदल नेमण्याची घोषणा २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. या क्षेत्रांचे राष्ट्रीय केंद्र मुंबईत उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले. या सर्व घोषणांचा भर मुख्यतः रोजगारावर आणि गुंतवणुकीवर आहे, आणि बेकारीच्या दिवसांत तो असावा यात वावगे काही नाही. परंतु रोजगाराची भाषा वर्गात उतरते तेव्हा तिचे रूपांतर बहुधा एखाद्या संगणकीय साधनाच्या प्रशिक्षणात होते. विद्यार्थी भरमसाट शुल्क भरतो, सहा महिने वा वर्षभर एक हत्यार चालवावयास शिकतो आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. ते हत्यार पाच-सात वर्षांत बोथट होते. व्हिडिओ गेम ही काय वस्तू आहे, ती कोठून आली, ती कशी रचली जाते आणि ती माणसावर कोणता परिणाम करते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्या कला महाविद्यालयांत व्हिडिओ गेमचा इतिहास आणि खेळरचना हे दोन विषय रीतसर शिकवले गेले पाहिजेत, ही मागणी या पोकळीतून निर्माण होते.

नियम बोलतात

चित्र रेषेतून बोलते, नाटक संवादातून बोलते. खेळ नियमांतून बोलतो. ही गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. सापशिडीचा आपल्याकडील पूर्वज म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. ते ऐतिहासिक कसोटीवर उतरो वा न उतरो, पटाचा आशय स्पष्ट आहे. शिडीच्या पायाशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण आणि अखेरच्या घरात मोक्ष. अनेक जुन्या पटांवर शिड्या थोड्या आणि साप अधिक असत. चढण्याचे मार्ग मोजके, घसरण्याचे मात्र पुष्कळ, हे प्रवचन तेथे कीर्तनकाराविना होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, पुढे मुलांच्या करमणुकीचा झाला आणि त्यातील तत्त्वज्ञान हळूहळू गळून पडले. फासा तोच, चौकटीही त्याच. पण पट मुका झाला.

दुसरे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये असे आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी ‘लँडलॉर्ड्स गेम’ नावाच्या खेळाचे पेटंट १९०४ मध्ये मिळवले. त्या हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या अनुयायी होत्या. जमिनीच्या मक्त्यातून मिळणारे खंडाचे उत्पन्न थोड्यांना गबर आणि बहुतांना कंगाल करते, हे लोकांना खेळता खेळता उमगावे, हा त्यांचा हेतू. त्यांनी नियमांचे दोन संच कल्पिले होते. एकात निर्माण झालेल्या संपत्तीचा लाभ सर्वांना मिळे. दुसऱ्यात एकजण उरलेल्यांना गिळून टाकी. लोकांनी दुसरा संच उचलला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तो ‘मोनॉपली’ या नावाने बाजारात आणला आणि मॅगीबाईंच्या पेटंटचे मोल केले पाचशे डॉलर. उन्हाळ्याच्या सुटीत मराठी घरांतून तासन्‌तास चालणारा ‘व्यापार’ हा त्याचाच वंशज. मक्तेदारीचे दोष दाखवण्यासाठी जन्मलेला खेळ मक्तेदारीचा आनंद शिकवू लागला, कारण नियम बदलले. खेळाचा अर्थ पटावरील चित्रांत नसून नियमांत असतो, याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही.

व्हिडिओ गेमने हीच शक्ती यंत्राच्या साहाय्याने कितीतरी वाढवली. लुकस पोप यांचा २०१३ मधील ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहण्यासारखा आहे. खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही राज्याच्या सरहद्दीवरील तपासनीस होतो. रांगेतील माणसांचे कागद तपासावयाचे, शिक्का मारावयाचा. जितकी माणसे बिनचूक तपासाल तितका पगार. आणि त्या पगारात घरभाडे, अन्न, शेकोटी आणि आजारी मुलाचे औषध भागवावयाचे. नियम रोज बदलतात. समोर एखादी स्त्री गयावया करीत उभी असते आणि तिच्या कागदांत मात्र उणीव असते. दया दाखवावी तर दंड होतो. न दाखवावी तर मन खाते. कादंबरी हाच पेच वर्णन करून सांगते. येथे शिक्का वाचकाच्या हातात दिलेला असतो. चित्रांच्या दृष्टीने हा खेळ अगदी साधा आहे. त्याचे सामर्थ्य रचनेत आहे, आणि ती रचना कशी साधली याची मीमांसा करावयास विद्यार्थ्याला शिकवावे लागेल.

मर्यादा आणि रूप

इतिहास का शिकवावयाचा, याचे उत्तरही येथेच मिळते. १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने अभ्यागतांच्या मनोरंजनासाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ दाखवला. १९६२ मध्ये मॅसेच्युसेट्स तंत्रसंस्थेतील तरुणांनी ‘स्पेसवॉर’ रचला. १९७२ मध्ये घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे पहिले यंत्र विक्रीस आले आणि त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला. सनावळीची ही यादी पाठ करणे म्हणजे इतिहास नव्हे. प्रत्येक टप्प्यावर यंत्राची मर्यादा काय होती आणि त्या मर्यादेतून कोणते रूप जन्मले, हे उलगडणे हा खरा इतिहास.

तोमोहिरो निशिकादो यांचा १९७८ मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. पडद्यावर शत्रूंची फौज सरकत खाली येते. आरंभी ती संथ असते, कारण इतक्या आकृती एकाच वेळी हलवताना यंत्राची दमछाक होते. शत्रू मारले जातात तसतसा यंत्रावरील भार हलका होतो आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने धावतात. हा यंत्राचा दोष मानून सुधारता आला असता. निशिकादो यांनी तो राखला, आणि विजय जवळ येताच भीती वाढत जाण्याची एक विलक्षण अनुभूती खेळणाऱ्याला मिळाली. लाकडाचा कल ओळखून मूर्ती कोरणारा कारागीर हेच करतो. अजिंठ्याच्या भिंतीचा गिलावा आणि त्यावरील रंग यांचे नाते जो शिक्षक वर्गात समजावून सांगतो, त्याला हा धडा शिकवणे अवघड जाऊ नये.

नाव कोणाचे, मालकी कोणाची?

या इतिहासाचे आणखी एक प्रकरण आहे, आणि नोकरीच्या शोधातील विद्यार्थ्याने ते सर्वांत आधी वाचावे. अटारी कंपनी खेळ रचणाऱ्यांची नावे जाहीर करीत नसे. तेथील वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ रचताना त्यात एक गुप्त दालन ठेवले आणि तेथे स्वतःचे नाव लिहून ठेवले. वरिष्ठांना त्याचा पत्ता लागला तो रॉबिनेट नोकरी सोडून गेल्यावर. त्याच कंपनीतील चार रचनाकारांनी श्रेय आणि मोबदला या प्रश्नांवर बाहेर पडून १९७९ मध्ये ‘ॲक्टिव्हिजन’ स्थापन केली आणि खेळांबरोबर रचनाकारांची नावे छापण्यास आरंभ केला. आपल्या लेण्यांतील शिल्पकार अनाम राहिले याचे आपण कौतुक करतो. परंतु ज्या उद्योगात दुसऱ्याच्या नावावर नफा जमा होतो, तेथे अनाम राहणे म्हणजे विरक्ती नव्हे.

भारतातील स्थिती या संदर्भात तपासली पाहिजे. आपल्याकडील या उद्योगाचा मोठा भाग परदेशी कंपन्यांसाठी चित्रे, आकृती, पार्श्वभूमी तयार करून देण्याचा आहे. बंगळूरची ‘ध्रुव इंटरॲक्टिव्ह’ ही १९९७ मध्ये निघालेली, या क्षेत्रातील अग्रणी म्हणून गणली गेलेली संस्था. तिने परदेशी खेळांसाठी असे काम वर्षानुवर्षे केले. २०१७ मध्ये ती एका स्वीडिश कंपनीकडे गेली आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या रॉकस्टार कंपनीने ती विकत घेतली. यात कोणाचा दोष नाही. मात्र अर्थशास्त्राचा साधा नियम येथे लागू पडतो. नक्षी एकाची आणि माग दुसऱ्याचा असेल, तर विणकराच्या वाट्याला मजुरी येते. वस्त्राचे नाव आणि नफा नक्षीच्या धन्याकडे जातो. मजुरीचा दर वाढू लागला की धनी दुसरा विणकर शोधतो.

आता तर विणकराऐवजी यंत्रच उभे राहिले आहे. शब्दांत वर्णन दिले की चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. अमेरिकेत व्हिडिओ गेमसाठी आवाज आणि अभिनय देणाऱ्या कलावंतांनी जुलै २०२४ पासून सुमारे अकरा महिने संप केला, त्याच्या मुळाशी हीच धास्ती होती. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या गेम कंपन्यांतून हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी केवळ सांगितलेली आकृती काढून देण्याचे कौशल्य घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाची सौदाशक्ती किती राहणार? आकृती काढणे स्वस्त होत जाईल. कोणती आकृती कशासाठी हवी आणि तिच्याभोवती कोणते नियम असावेत, हे ठरवणाऱ्या बुद्धीचे मोल टिकून राहील. ती बुद्धी हत्याराच्या प्रशिक्षणातून येत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि त्यात छायाबाहुल्यांच्या शैलीने कथा सांगितली. अशी उदाहरणे अपवादात्मक न राहता वाढावयाची, तर ती घडवणारी माणसे कोठेतरी तयार व्हावी लागतील.

आक्षेपांचा विचार

या मागणीवर पहिला आक्षेप पालक आणि शिक्षक घेतील, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुले पडद्याला खिळून बसतात, अभ्यास बुडतो, पैसे लावून खेळण्याच्या नादात घरे उद्ध्वस्त झाली. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाधीन अवस्थेला २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. असे असता हा विषय महाविद्यालयात आणावा काय?

उत्तर असे की, सवय लावणारी योजनाही कोणीतरी रचलेली असते. आत काय निघेल हे ठाऊक नसताना पैसे मोजून उघडावयाची पेटी खेळात ठेवणे, हा रचनेचाच निर्णय असतो. बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले. हे सापळे कसे विणले जातात हे ज्याला शिकवलेच नाही, तो उद्या नोकरीत सांगेल तो सापळा निमूटपणे विणील. औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला विषाचे ज्ञान देतात ते याच कारणाने.

दुसरा आक्षेप कलाक्षेत्रातून येईल : ही कला आहे काय? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, तेव्हा तेथेही हा वाद झाला. संग्रहालयाने त्यांचा स्वीकार रचनेचे नमुने म्हणून केला. आपल्याकडे उपयोजित कलेच्या वर्गात भित्तिपत्रक, वेष्टन, अक्षररचना शिकवताना ‘ही कला आहे काय’ असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तेवढीच मुभा या माध्यमास दिली तरी काम सुरू होण्यास पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक. शिक्षक कोठून आणावयाचे, यंत्रे कोठून आणावयाची? राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. परंतु तेथे पोहोचणारे विद्यार्थी मोजके. जिल्ह्याच्या गावातील कला महाविद्यालयाचे काय? सुदैवाने खेळरचनेचा पहिला वर्ग संगणकाविना चालू शकतो. पुठ्ठा, कवड्या, फासे आणि सोंगट्या एवढे साहित्य पुरे. विद्यार्थ्यांनी पचिसी किंवा सापशिडी घ्यावी, त्यातील एकच नियम बदलावा, वर्गमित्रांना खेळावयास बसवावे आणि काय बदलले त्याची नोंदवही ठेवावी. दुसऱ्या सत्रात निवडक दहा-बारा खेळांचा इतिहास प्रत्यक्ष खेळून अभ्यासावा. त्यांतील जुने खेळ चालवण्यास साधा संगणक पुरतो. तिसऱ्या सत्रात शेजारच्या विज्ञान किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांबरोबर छोटासा खेळ पूर्ण करावा. स्वामित्वहक्क, करार आणि मोबदला यांवर चार व्याख्याने वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकाने द्यावीत. मूल्यमापन दिमाखदार चित्रांवर न करता, खेळून पाहिल्यावर रचनेत कोणते बदल केले आणि का केले, या नोंदींवर करावे.

जतनाचा प्रश्न

इतिहास शिकवावयाचा तर त्याची साधने शिल्लक हवीत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळतच नाहीत. ज्या देशात हा उद्योग बहरला तेथील ही अवस्था. भारतात रचलेल्या सुरुवातीच्या खेळांची, जुन्या भ्रमणध्वनींवर आलेल्या आणि त्या यंत्रांबरोबर नाहीशा झालेल्या कामांची गणती कोणी करावयाची?

हा तोटा कसा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही महाराष्ट्राने त्यातून शहाणपण घेतले. पुण्यात प्रभातच्या जागेत १९६० मध्ये चित्रपट संस्था उभी राहिली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि त्यांच्या रसास्वाद वर्गांतून कितीतरी शिक्षक, लेखक, साधे प्रेक्षक चित्रपट वाचावयास शिकले. कॅमेरा चालवणे तेथे शिकवले गेलेच. त्याच्या जोडीला जुने चित्रपट दाखवले गेले, त्यांवर वाद झाले. एके काळी सभ्य घरांनी नाक मुरडलेल्या माध्यमाला त्यामुळे विद्येची प्रतिष्ठा लाभली. मुंबईत राष्ट्रीय केंद्रावर खर्च होणाऱ्या रकमेतून खेळांचा एक संग्रह उभारला आणि तो राज्यातील कला महाविद्यालयांना खुला ठेवला, तर तीच परंपरा पुढे चालेल.

दरवर्षी महाराष्ट्रातील शाळांतून असंख्य मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. त्यांतील काहीजण घरच्यांचा विरोध पत्करून कलाशाळेची वाट धरतात, आणि आता त्यांच्यापुढे नव्या उद्योगाचे दार उघडल्याचे सांगण्यात येत आहे. त्या दारातून त्यांनी कोणत्या नात्याने आत जावे, हे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या हाती आहे. फाळके आणि मियामोतो या दोघांच्याही हाती त्यांच्या काळचे हत्यार होते. त्या हत्याराने काय घडवावयाचे, याचा विचार करण्याची सवय त्यांना त्याआधी लागलेली होती. ती सवय लावणे हे कलाशाळेचे काम आहे, आणि ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवता येणार नाही.